आयोनियन बेटांच्या कडेने शिडाच्या बोटीतून एक आठवडा : लेफ्काडा, इथाका, केफलोनिया

समुद्रपक्षी

येत्या जूनमध्ये आम्ही सहा जण ग्रीसला जायचं म्हणतोय. अथेन्स-सांतोरिनी-मिकोनोस हा नेहमीचा रस्ता नको आहे. ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात लेफ्काडा, मेगानिसी, इथाका आणि केफलोनिया ही बेटं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. तिथे शिडाची बोट भाड्याने घ्यायची, आठवडाभर बोटीवरच राहायचं आणि रोज नव्या बंदरात मुक्काम करायचा, असं मनात आहे.

मंडळी अशी : आम्ही दोघं, माझी बहीण आणि तिचे यजमान, त्यांचा १० वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे, वय ६८. सासरे रत्नागिरीजवळ खाडीकाठी वाढलेले, पाण्याचं भय त्यांना नाही. नवऱ्याने इंग्लंडला नोकरीत असताना डे स्किपरचा (शिडाची बोट चालवण्याचा) कोर्स केला, त्यावर आयसीसी हा बोट चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला. आमच्यापैकी बाकी कोणी शिडाच्या दोराला हात लावलेला नाही.

कच्चा आराखडा : शनिवारी लेफ्काडा, रविवारी मेगानिसी, सोमवारी इथाकातलं किओनी, मंगळवारी वाथी, बुधवारी केफलोनियातलं सामी, गुरुवारी केफलोनियाला वळसा घालून अर्गोस्तोली, शुक्रवारी फिस्कार्दो, शनिवारी परत.

मला वाटतं बोट आपली आपणच चालवावी. परका माणूस बोटीवर आला की घरचेपणा जातो. पण बहिणीचं म्हणणं, स्किपर, म्हणजे बोट चालवणारा पगारी माणूस, घ्याच. तुमच्यापैकी कोणी या बाजूला गेलं आहे का? हा आराखडा जमण्यातला आहे का?

---

गोगलगाय

वाचतेय. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

दर्यावर्दी

समुद्रपक्षी, बेटांची निवड उत्तम केली आहे, त्याबद्दल आधी अभिनंदन. गेली काही वर्षं मी इंग्लंडहून त्या बाजूला जातो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोटीचा आठवडा नावाला सात दिवसांचा असतो. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास बोट ताब्यात मिळते. मग सामान भरा, गादीखालच्या लाइफ जॅकेटपासून गॅसच्या कॉकपर्यंत सगळं समजून घ्या, कागदांवर सह्या करा, यात रात्र होते. उलट बाजूला, शनिवारी सकाळी नऊला बोट रिकामी करून द्यायची असते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच तळावर, म्हणजे बोट जिथून घेतली तिथे, हजर राहावं लागतं. तुमचा शुक्रवार फिस्कार्दोत आहे, तो तिथेच बाद झाला.

आता अर्गोस्तोली. नकाशावर केफलोनियाच्या पोटात दिसतं, पण ते बेटाच्या नैऋत्येला आहे. सामीहून तिथे जायचं म्हणजे सगळा दक्षिण किनारा उघड्या समुद्रावरून कापायचा. ते काढून टाका. तसं केलं तर सगळी फेरी ८० ते १०० सागरी मैलांत बसते. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि अशी बोट ताशी पाच-सहा सागरी मैल जाते.

वाऱ्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात तिथे वायव्येकडून वारा येतो, त्याला तिकडे माइस्ट्रो म्हणतात. सकाळी समुद्र सपाट असतो, इंजिनावरच जावं लागतं. दुपारी बारा-एकला वारा उठतो, तीन-चारपर्यंत १५ ते २० नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चढतो आणि सूर्य कलला की पडतो. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यासारखीच ही चाल आहे, जमीन तापते तसा समुद्रावरून वारा खेचला जातो. म्हणून दक्षिणेला जाताना वारा पाठीशी किंवा कुशीवर मिळतो आणि परत उत्तरेला येताना तोंडावर. आठवड्याच्या सुरुवातीला खाली उतरा आणि वर यायला भरपूर वेळ हाताशी ठेवा. शेवटच्या दिवशी लांबचा पल्ला ठेवू नका.

इथाका आणि केफलोनियामधली सामुद्रधुनी काही किलोमीटर रुंद आहे, दोन्ही बाजूंना उभे डोंगर. दुपारी वारा त्या पन्हळीतून उत्तरेकडून जोरात खाली येतो. तिथून वर यायचं तर सकाळी लवकर, इंजिनावर.

कायद्याचं राहिलं. ग्रीसमध्ये स्किपरशिवाय बोट देताना परवानाधारक तर हवाच, शिवाय बोटीचा अनुभव असलेला दुसरा प्रौढ माणूस कागदावर दाखवावा लागतो. तुमच्यात तो कोण? हे आधी ठरवा.

---

तांबडीमाती

एक प्रामाणिक प्रश्न. ७२० किलोमीटरचा किनारा आपल्या दारात आहे. जयगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, तेरेखोलची खाडी. इतका खर्च करून ग्रीसला जाऊन नांगर टाकायचा, त्यापेक्षा आपला समुद्र का नाही?

---

बंदरावरचा

@तांबडीमाती, मी मालवणचा. आमच्या घरी तीन पिढ्या मासेमारी. तुमची कळकळ समजते, पण जूनमध्ये? १ जूनपासून आमच्या होड्या किनाऱ्यावर चढतात. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं दर्यात उतरत नाहीत. त्या दिवसांत इथला समुद्र खवळलेला असतो आणि तिकडचा सगळ्यात गुणी असतो.

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. आपल्या खाड्यांचं तोंड वाळूच्या दांड्याने अडलेलं असतं, भरतीची वेळ साधून आत शिरावं लागतं. भूमध्य समुद्रात हा फरक इतका थोडा असतो की धक्क्याला बांधलेली बोट रात्रभर जवळजवळ त्याच उंचीवर राहते. नवशिक्या कुटुंबासाठी ही फार मोठी सोय आहे. आणि आपल्याकडे शिडाच्या बोटी अशा आठवड्याच्या भाड्याने कुठे मिळतात? नांगरायला सोयीची बंदरं, पाणी, डिझेल, दुरुस्तीवाला, हे सगळं उभं राहायला हवं. ते कोकणात व्हावं असं मलाही मनापासून वाटतं.

---

तांबडीमाती

भरतीचा मुद्दा पटला. पण गोव्यात दिवाडी बेटावर 'म्हादेई' ही शिडाची बोट बांधली आणि तिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, अशी ही किनारपट्टी आहे. आपल्या मुलांनी शीड पहिल्यांदा ग्रीसमध्ये बघावं याचं वाईट वाटतं, एवढंच.

---

समुद्रपक्षी

@तांबडीमाती, सासऱ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "यांना सांग, मी मचवा बघितलाय, पोराला मीच शिकवेन." लहानपणी धान्य आणि कौलं घेऊन शिडाची गलबतं खाडीत यायची ती त्यांना आठवतात.

@दर्यावर्दी, अर्गोस्तोली काढलं. दुसरा अनुभवी माणूस मात्र आमच्यात नाही. सासऱ्यांचा अनुभव कागदावर चालेल का?

---

दर्यावर्दी

चालून जाईल, कारण दुसऱ्या माणसाचं बहुतेक ठिकाणी स्वतःचं लेखी निवेदन घेतात. पण कागदावर चालणं वेगळं आणि वीस नॉट वाऱ्यात दोर हातात असणं वेगळं. सासरेबुवांना पाणी कळतं याबद्दल मला शंका नाही. प्रश्न धक्क्याला लागण्याचा आहे.

तिकडे बोट आडवी लावत नाहीत, जागा पुरत नाही. धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीवर पुढचा नांगर टाकायचा, साखळी सोडत बोट उलटी मागे न्यायची, पिछाडीचे दोन दोर किनाऱ्यावर द्यायचे, मग साखळी ताणून घ्यायची आणि फळी टाकून उतरायचं. वारा आडवा असेल तर बोटीचं नाक वाहून जातं आणि शेजारच्या बोटीवर बसतं. त्या पाच मिनिटांत सुकाणूवर एक, नांगरावर एक, दोन्ही दोरांवर एकेक आणि मधे फेंडर (बोटीला धक्का बसू नये म्हणून लावायची फुगीर उशी) घेऊन एक अशी पाच माणसं लागतात. प्रत्येकाने आपलं काम आधी समजून घेतलेलं असावं आणि कोणी ओरडू नये.

नांगर टाकताना तळ बघा. पाणी इतकं नितळ असतं की सहा-सात मीटर खालचं दिसतं. गडद पट्टे म्हणजे पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत, त्यावर नांगर धरत नाही आणि गवताचंही नुकसान होतं. शेकडो वर्षं वाढलेली ही कुरणं माशांच्या पिल्लांचं घर आहेत. फिकट दिसते ती वाळू, नांगर तिथेच. साखळी खोलीच्या चार-पाच पट तरी सोडा.

---

शांत_कासव

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

आम्ही असा आठवडा केला आहे, माझी आई बरोबर होती. बोटीवरच्या खोल्या म्हणजे झोपायची फळी आणि उभं राहायला दोन पावलांची जागा. जून अखेरीला रात्री आत उकडतं, बहुतेक बोटींना एसी नसतो किंवा फक्त किनाऱ्याच्या विजेवर चालतो. पाण्याची टाकी तीनशे ते पाचशे लिटरची, सहा माणसांनी मोकळेपणाने अंघोळ केली तर दोन दिवसांत तळ दिसतो. संडासाचा पंप हाताने मारायचा आणि कागद आत टाकायचा नाही. आईला धक्क्यावरच्या फळीवरून रोज उतरणं-चढणं हाच मोठा ताण झाला. फळी अरुंद असते, हलते, धरायला कठडा नसतो.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी लेफ्काडातल्या निद्रीला किंवा केफलोनियातल्या फिस्कार्दोला घर घ्यावं, फेरीने बेटं बघावीत, एखाद दिवस छोटी बोट घ्यावी. तेच पाणी, तेच किनारे.

---

बंदरावरचा

तेच पाणी खरं, पण फेरीने गेलात की बंदरात सगळ्यांबरोबर उतरता आणि सगळ्यांबरोबर निघता. बोटीचं सुख संध्याकाळी सहानंतरचं आहे. दिवसाची गर्दी गेली की वारा पडतो, पाणी गार नि स्वच्छ असतं आणि तुम्ही शिडीवरून सरळ समुद्रात उतरता. ते घर भाड्याने घेऊन मिळत नाही.

गुडघ्यांचं मात्र शांत_कासव म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. समुद्रपक्षी, काकांना आत्ताच विचारून घ्या.

---

समुद्रपक्षी

विचारलं. रोज सकाळी तीन किलोमीटर चालतात, जिना चढतात. तरी फळीला दोर बांधून कठडा करायचा असं त्यांनीच सुचवलं.

---

दर्यावर्दी

हा झाला खरा तांडेल! दुसऱ्या अनुभवी माणसाच्या रकान्यात नाव घालून टाका.

---

पोहेवाली

आता महत्त्वाच्या विषयाकडे वळू या. जेवण!

बोटीवर दोन शेगड्यांचा गॅस असतो, बोट कलली की शेगडीही झुलून सरळ राहते. पोहे, उपमा, खिचडी, थालीपीठ सगळं होतं. छोटा कुकर घरून न्या. कांदे-बटाटे-टोमॅटो-दही-लिंबं तिथे उत्तम मिळतात. फक्त चालत्या बोटीत तळण करू नका आणि स्वयंपाक सकाळी वारा नसताना उरका.

शाकाहारी मंडळींनी अजिबात काळजी करू नये. टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, त्यांना यिगांदेस म्हणतात. भात भरलेल्या भोपळी मिरच्या नि टोमॅटो म्हणजे येमिस्ता. उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल म्हणजे होर्ता. पालकाचं सारण भरलेली पेस्ट्री तर सगळीकडे. आणि लेफ्काडाच्या डोंगरावर एंग्लुवी गावची मसूर प्रसिद्ध आहे. बारीक दाण्याची, पटकन शिजणारी. मी लसणीची फोडणी घालून आमटी केली, शेजारच्या बोटीवरचे जर्मन आजोबा वास घेत आले आणि वाटीभर घेऊन गेले.

मेगानिसीच्या खाड्यांमध्ये आणि लेफ्काडाच्या सिवोतात काही खानावळींचे स्वतःचे लाकडी धक्के आहेत. रात्री त्यांच्याकडे जेवलात की बांधायचे पैसे घेत नाहीत, पुष्कळदा पाणीही भरून देतात. आधी फोन केला तर दोर घ्यायला माणूस उभा असतो. नवशिक्यांना ही मदत लाखमोलाची.

---

गोगलगाय

एंग्लुवीची मसूर आता शोधणार.

---

इतिहासवेडा

धागा फार छान चालला आहे. थोडं अवांतर लिहू देत.

तुम्ही ज्या विमानतळावर उतराल तो प्रेवेझाजवळ आक्तियोला आहे. हेच ते अ‍ॅक्टियम. इसवी सनपूर्व ३१ मध्ये ऑक्टेव्हियनच्या आरमाराने अँटनी आणि क्लिओपात्राचा पराभव केला तो याच आखाताच्या तोंडाशी. त्याच पाण्यात १५३८च्या सप्टेंबरात उस्मानी दर्यासारंग बार्बारोसाने आंद्रेआ दोरियाच्या ख्रिस्ती आरमाराला हरवलं. आणि त्याच महिन्यात उस्मानी सुलतानाचं दुसरं आरमार आपल्या दीवच्या किल्ल्याला पोर्तुगीजांविरुद्ध वेढा घालून बसलं होतं! एकच सत्ता एका वेळी दोन समुद्रांवर लढत होती. प्रेवेझाला जिंकली, दीवला तिला वेढा उठवून परतावं लागलं.

ही बेटं १८१५ ते १८६४ इंग्रजांच्या संरक्षणाखाली होती. केफलोनियावर १८२२ ते १८३० रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा कारभारी, होता चार्ल्स नेपियर. त्याने तिथे रस्ते बांधले, अर्गोस्तोलीजवळ दीपगृह उभारलं. पुढे १८४३ मध्ये सिंध जिंकणारा नेपियर तो हाच. याच आयोनियन बेटांचा हाय कमिशनर फ्रेडरिक अ‍ॅडम नंतर मद्रासचा गव्हर्नर झाला. साहेब एका वसाहतीत हात बसवून दुसरीकडे कसे पाठवले जात ते इथे लख्ख दिसतं.

आणि जपानवर लिहून नाव झालेला लाफ्काडिओ हर्न १८५० मध्ये लेफ्काडात जन्मला. त्याचं नाव बेटावरूनच ठेवलेलं. वडील इंग्रजी सैन्यातले आयरिश डॉक्टर, आई ग्रीक.

---

उनाड

आणि होमरच्या महाकाव्याचा नायक, इथाकाचा राजा ओडिसियस, त्याला विसरलात की काय, इतिहासवेडा? इथाकाला जायचं नि त्याचं नाव नाही?

---

इतिहासवेडा

विसरेन कसा, जागा राखून ठेवली होती!

आजचं इथाका म्हणजेच होमरचं इथाका का, यावर विद्वान अजून भांडतात. विल्हेल्म डोर्पफेल्ड हा मोठा जर्मन पुरातत्त्वज्ञ ट्रॉयला खणलेला माणूस. त्याचं मत होतं की खरं इथाका म्हणजे लेफ्काडा. त्यासाठी तो निद्रीजवळ वर्षानुवर्षं खणत राहिला, १९४० मध्ये तिथेच वारला. निद्रीसमोरच्या भूशिरावर त्याची कबर आहे, तुमची बोट तिच्यासमोरूनच जाईल.

इथाकावाल्यांकडेही पुरावा आहे. बेटाच्या वायव्येला पोलिस नावाच्या खाडीतल्या गुहेत सिल्व्हिया बेंटन यांनी १९३०च्या दशकात उत्खनन केलं. त्यात प्राचीन ब्राँझच्या तिवया मिळाल्या आणि ओडिसियसला वाहिल्याचा लेख असलेला मातीचा तुकडाही मिळाला. होमरनंतर काही शतकांनी तिथली माणसं त्याला पूजत होती हे त्यावरून नक्की दिसतं. जवळच्या स्ताव्रोस गावात छोटं संग्रहालय आहे, चुकवू नका. १० वर्षांच्या मुलाला आधी गोष्ट सांगून ठेवा आणि मग तिथे न्या.

---

डॉक्टरीणबाई

बोट लागण्याबद्दल कोणी लिहिलेलं दिसलं नाही. सकाळी सपाट पाणी असतं म्हणून माणसं गाफील राहतात, दुपारी बोट कलते आणि त्रास सुरू होतो. चालत्या बोटीत खाली जाऊन मोबाइल बघू नका, कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत) बसून क्षितिजाकडे नजर ठेवा, उपाशी राहू नका. ज्याला कसंतरी होतं त्याला थोडा वेळ सुकाणू धरायला द्या, पुष्कळांना बरं वाटतं. आल्याच्या वड्या बरोबर असू द्यात. गोळ्या घ्यायच्या तर उलटी सुरू व्हायच्या आधी घ्याव्या लागतात आणि काहींनी फार झोप येते. ६८ वर्षांच्या माणसाने रक्तदाबाचं किंवा दुसरं काही औषध चालू असेल तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

उन्हाचं गांभीर्य ठेवा. वारा लागतो म्हणून ऊन जाणवत नाही आणि पाण्यावरून उलटूनही येतं. मुलाला लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घ्या. त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट बुक करतानाच लेखी मागा. बोट चालू असताना ते अंगावर असायलाच हवं, लाडीगोडी नको.

---

उनाड

एवढं सगळं वाचल्यावर मला वाटतं ग्रीसच्या पूर्वेच्या इजियन समुद्राला जा. तिथली सायक्लेड्स बेटं म्हणजे पांढरी घरं, निळे घुमट, खरा वारा. आयोनियन म्हणजे तळ्यात बोट चालवल्यासारखं.

---

दर्यावर्दी

उनाड, यावर मी जोरात असहमत. सायक्लेड्सला उन्हाळ्यात मेल्टेमी वाहतो, उत्तरेकडून, दिवसेंदिवस, रात्रीही न थांबता. ३० नॉट आणि वर सहज. बेटं एकमेकांपासून लांब, मधे आडोसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मुरलेली माणसंही बंदरात तीन-तीन दिवस अडकून बसतात. मूल आणि वडीलधारे घेऊन पहिल्या आठवड्याला तिथे जा असं मी कोणालाही सांगणार नाही.

आयोनियनला तळं म्हणणंही मला पटत नाही. शांत असतो, पण त्याचीही एक बाजू आहे. १७-१८ सप्टेंबर २०२० ला इयानोस नावाचं चक्रीवादळ इथाका, केफलोनिया आणि झाकिंथोसवर आदळलं. भूमध्यातही अशी वादळं होतात हे पुष्कळांना तेव्हाच कळलं. खाड्यांमध्ये बांधलेल्या बोटी फुटल्या, बुडाल्या. उन्हाळ्यातही डोंगरावरून एखादी संध्याकाळ गडगडत येते. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ हवामान बघायचंच. ग्रीसच्या सागरी संशोधन केंद्राचा 'पोसायडन' अंदाज चांगला आहे, आणि बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर बुलेटिनची सूचना चॅनल १६ वर देतात.

---

शांत_कासव

जून निवडला ते उत्तम केलं. ऑगस्टमध्ये सगळी इटली तिथे उतरते. फिस्कार्दोला दुपारी दोननंतर धक्क्यावर जागा मिळत नाही, मग समोरच्या काठाला नांगर टाकून मागचा दोर झाडाला किंवा खडकाला बांधावा लागतो.

फिस्कार्दोबद्दल एक सांगायलाच हवं. ऑगस्ट १९५३च्या भूकंपात केफलोनिया जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं. इथाकातलं वाथीही पडलं आणि नंतर पुन्हा बांधलं. बेटाच्या उत्तर टोकाचं फिस्कार्दो मात्र वाचलं. व्हेनिसच्या काळातल्या वळणाची फिकट गुलाबी-पिवळी घरं तिथे अजून उभी आहेत. त्या धक्क्यावरून चालताना सगळं बेट पूर्वी कसं दिसत असेल ते कळतं.

---

गोगलगाय

स्कॉर्पिओस पण तिकडेच ना? ओनासिस आणि जॅकी केनेडीचं लग्न झालं ते बेट?

---

पोहेवाली

हो, निद्रीसमोरच. लग्न २० ऑक्टोबर १९६८ ला. बेट खासगी आहे, वर फिरता येत नाही, पण आम्ही त्याच्या खाडीत नांगर टाकून पोहलो होतो. आम्ही तिथे शिरा केला होता. लग्नाच्या जागी गोड हवंच!

---

बंदरावरचा

मूळ प्रश्न राहिलाच : स्किपर घ्यायचा की नाही.

मी सगळं वाचून सांगतो. समुद्रपक्षी, तुमच्या यजमानांना परवाना आहे, पण त्यांचे हात कुटुंबाबरोबर जुळलेले नाहीत. एकट्या माणसावर सहा जणांची जबाबदारी आली की तो आठवडाभर नकाशा, हवामान आणि साखळी यातच राहतो. त्याची सुट्टी होत नाही. आमच्या होडीवरही नवा माणूस पहिल्या हंगामात नाखव्याच्या हाताखालीच असतो, कितीही हुशार असला तरी.

दोन रस्ते दिसतात. पहिला, पहिल्या दोन दिवसांसाठीच स्किपर घ्या. पुष्कळ ठिकाणी असा देतात. दिवसाला दोनशे युरोच्या आसपास आणि त्याचं जेवण. दोन दिवसांत यजमानांकडूनच चार वेळा बोट धक्क्याला लावून घ्या, मग तो उतरून जाईल. दुसरा रस्ता फ्लोटिलाचा. आठ-दहा बोटी एकत्र निघतात, एक पुढारी बोट असते, तिच्यावर अनुभवी स्किपर आणि इंजिनाची माहिती असलेला माणूस. सकाळी सगळ्यांना बसवून वारा, मार्ग आणि मुक्काम समजावतात. दिवसभर तुम्ही आपापले जाता आणि संध्याकाळी दोर घ्यायला ते धक्क्यावर उभे असतात. १९७०च्या दशकात ही पद्धत ग्रीसमध्येच रुजली ती अशाच कुटुंबांसाठी. घरचेपणाही राहतो आणि परका माणूस बोटीवर झोपत नाही.

---

दर्यावर्दी

पूर्ण सहमत. मी फ्लोटिलाला मत देईन. मुलांना शेजारच्या बोटीवरची मुलं भेटतात, तो फायदा वेगळाच.

एक जोडतो. स्वतंत्र बोट घेतलीत तर नुकसानीपोटी काही हजार युरो कार्डावर अडकवून ठेवतात. ताबा घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा, पाण्यात उतरून तळ आणि सुकाणूही बघा, आणि यादीत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

---

समुद्रपक्षी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरी सगळा धागा मोठ्याने वाचला. बहीण आणि मी दोघींनाही फ्लोटिला पटला. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण मला दिसत होता, त्याने बोलून दाखवला नव्हता, एवढंच.

पण आम्हाला हव्या त्या तारखांना फ्लोटिला भरला असेल तर पहिल्या दोन दिवसांचा स्किपर आणि हा मार्ग : रविवारी मेगानिसी, सोमवारी किओनी, मंगळवारी इथाकाच्या दक्षिणेकडून केफलोनियातलं आया एफिमिया, बुधवारी सकाळी इंजिनावर फिस्कार्दो, गुरुवारी सिवोता, शुक्रवारी तळावर. बरोबर वाटतो का?

आणि शेवटचा प्रश्न. बोटी प्रेवेझाहूनही मिळतात आणि लेफ्काडा शहरातूनही. प्रेवेझा विमानतळाला अगदी लागून आहे. कुठून घ्यावी?

---

दर्यावर्दी

मार्ग चांगला आहे. सोमवारी मेगानिसीहून किओनीला जाताना वारा उजव्या कुशीवर मिळेल, सगळ्यात सुंदर दिवस तो असेल. मंगळवारचा पल्ला सगळ्यात लांब आहे, सकाळी आठला निघा. आया एफिमियाहून टॅक्सीने मेलिसानीचं तळं बघून या. छत कोसळलेल्या गुहेतलं तळं आहे, दुपारी बाराच्या सुमारास ऊन सरळ पाण्यावर पडतं. त्यासाठी बुधवारी तिथे थांबावंसं वाटलं तर थांबा, फिस्कार्दोला गुरुवारी जा आणि शुक्रवारी तिथून थेट वर या. फिस्कार्दोहून निघताना वारा डाव्या कुशीवर असतो, लेफ्काडाचं दक्षिण टोक मागे पडलं की मग तोंडावर येतो. तेव्हा शुक्रवारी पहाटे निघायची तयारी हवी.

तळ लेफ्काडाच घ्या. प्रेवेझाहून निघालात तर आधी उघड्या समुद्रावरून खाली यायचं, मग सांता माउरा किल्ल्याशी तरंगत्या पुलासमोर थांबायचं. तो साधारण दर तासाला उघडतो. मग कालव्यातून ओळीने जायचं. जाताना आणि येताना दोन्ही वेळा हे करावं लागतं. लेफ्काडाची मरीना पुलाच्या दक्षिणेला आहे, तुम्ही सरळ बाहेर पडता. विमानतळाहून टॅक्सीने २० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि लेफ्काडाला रस्त्याने जाता येतं.

कालव्यात खुणांच्या आतूनच चला, कडेला गाळ आहे. शुक्रवारी डिझेल भरायला रांग लागते, चारच्या आत पोहोचा.

---

बंदरावरचा

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला बोटीचा करार जोडा, त्यात सहाही जणांची नावं हवीत. तीच यादी पुढे बोटीच्या कागदांवर जाते, पासपोर्टवरचं स्पेलिंग तंतोतंत जुळू द्या. काकांना पाठीला टेकायला एक छोटी उशी न्या, कॉकपिटचे बाक कडक असतात.

---

समुद्रपक्षी

उशी यादीत लिहिली. उद्या फ्लोटिलावाल्यांना मेल करते, तारखा कळल्या की इथेच लिहीन.